अंगणात भूत, मागे आजी

आमच्या वडीगोद्रीहून सिनेमाला जायचं म्हणजे आधी फाट्यावर उभं राहायचं. एक रस्ता अंबडवरून जालन्याला जातो. दुसरा धुळे-सोलापूर हायवे. इकडं गेलं की छत्रपती संभाजीनगर, तिकडं शहागडचा गोदावरीवरचा पूल ओलांडला की बीड. तिकीट, जाण्या-येण्याचं भाडं आणि इंटरव्हलचे पॉपकॉर्न असा हिशेब मांडला की घरातल्या सहा माणसांच्या एका सिनेमात पंधरा दिवसांचा किराणा येतो. म्हणून हल्ली ज्याचा त्याचा सिनेमा ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. काका माळवदावर, काकू स्वयंपाकघरात, आम्ही कानात इअरफोन घालून पांघरुणात. आजीकडं मोबाइल नाही. त्यामुळे आजीकडं सिनेमाही नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचा एक मित्र छोटा प्रोजेक्टर घेऊन आला. तो लग्नाची शूटिंग करतो, त्याच्या धंद्यातलीच वस्तू. अंगणातल्या दोरीवर पांढरी चादर ताणली, स्पीकर खिडकीत ठेवला. गल्लीतली पोरं तासभर आधीच पोती अंथरून बसली. कारखान्याच्या हंगामासाठी आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या आमच्या घरापासून लांब नाहीत. तिथली लेकरंही येऊन मागं उभी राहिली.

सगळं जमलं, फक्त सिनेमा ठरेना.

रिमोट टेस्ट

तुमच्याही घरी हे होत असणार. एक चांगला सिनेमा लागतो, पाचव्या मिनिटाला एक सीन येतो, बाबा खाकरतात, आई पाण्याला उठते आणि आपण गादीखाली रिमोट शोधायला लागतो. आमच्या ग्रुपमध्ये याला 'रिमोट टेस्ट' म्हणतात. आजीपासून पहिलीतल्या पोरापर्यंत सगळे बसलेले असताना रिमोट शोधावा लागला नाही, तर सिनेमा पास.

सेन्सॉर बोर्डाची स्वतःची टेस्ट आहे म्हणा. 2024 च्या नव्या नियमांनी 'यूए' या एकाच शिक्क्याचे तीन भाग केले : 7 वर्षांवरील, 13 वर्षांवरील आणि 16 वर्षांवरील. पण तो शिक्का फक्त वय सांगतो. 75 वर्षांची आजी आणि 7 वर्षांचा नातू एकाच पोत्यावर बसून एकाच वेळी हसतील का, हे कुठलाच शिक्का सांगत नाही.

त्या रात्री मतं भरपूर पडली. ॲक्शन नको, लेकरं झोपतील. प्रेमकथा नको, काका उठून जातील. रडका नको, दिवाळी आहे. शेवटी काकूच म्हणाली, "अरे, ते वाड्यातल्या भुताचं लावा की. ते इनामदाराचं."

आणि अंगणात 'पछाडलेला' सुरू झाला.

तीन मित्र, एक वाडा

'पछाडलेला' 2004 चा. म्हणजे तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा जन्मलेलेही नसतील. तरी त्याचे तुकडे तुम्हाला पाठ आहेत, कारण ते मीम म्हणून रोज आपल्या ग्रुपवर येऊन पडतात. दिग्दर्शक महेश कोठारे. भरत जाधव, श्रेयस तळपदे आणि अमेय हुनसवाडकर हे तिघं मित्र एका गावातल्या वाड्यात राहायला येतात आणि वाडा रिकामा नसतो. इनामदार, त्याचा मुलगा आणि मुनीम, तिघंही मेलेले आणि तिघंही अजून मुक्कामाला. दिलीप प्रभावळकरांनी त्यात इनामदार केलाय. श्रेयस तळपदेला 'इक्बाल'मुळे देशभर ओळख मिळाली, ती याच्या पुढच्या वर्षी, 2005 मध्ये. आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या शेवटच्या काही सिनेमांपैकी हा एक. डिसेंबर 2004 मध्ये ते गेले.

कथा ऐकली तर नवीन काहीच नाही. जुनं घर, आत भूत, बाहेरून आलेली माणसं. जगभरच्या सिनेमावाल्यांनी हा डाव शंभर वर्षं खेळलाय. बस्टर कीटननं 'द हॉन्टेड हाउस' हा मूकपट 1921 मध्ये काढला. हिंदीत मेहमूदचा 'भूत बंगला' 1965 चा, त्यात चक्क आर. डी. बर्मन यांनी कामही केलंय. डिस्नेनं तर आधी 1969 मध्ये आपल्या पार्कात 'हॉन्टेड मॅन्शन' नावाची राइड सुरू केली आणि पुढं तिच्यावरून दोनदा सिनेमा काढला, 2003 आणि 2023 मध्ये.

मग 'पछाडलेला' आपला का वाटतो? माझ्या मते पहिलं कारण वाडा.

आपलं घर, आपलं भूत

इंग्रजी सिनेमातलं झपाटलेलं घर लाकडाचं असतं. वर पोटमाळा, खाली तळघर, बाहेर धुकं. आपल्याकडं धुकं दोन महिने आणि तेही सकाळी. पण मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या गावात एक पडकी गढी किंवा ओस वाडा असतोच. पांढऱ्या मातीच्या भिंती, दारातच ढाळज, वर माळवद, भिंतीत धान्य साठवायचं बळद. बळदात डोकावलं की आत काळाकुट्ट अंधार आणि वटवाघळांचा वास. घरातली पोरं मुंबई-पुण्याला गेली, वाटण्यांचा वाद कोर्टात अडकला, एक भिंत पावसात बसली आणि उरलेल्या भिंतींवर पिंपळ उगवला. भुताला राहायला आणखी काय लागतं?

आणि भुतं तरी किती! इंग्रजीत बहुतेक सगळ्यांना मिळून एकच 'घोस्ट'. आपल्याकडं प्रत्येकाची जात, गाव, पत्ता ठरलेला. मुंज झालेला पण लग्न न झालेला पोरगा मेला की मुंजा, त्याचा मुक्काम पिंपळावर. विहिरीत आसरा. रानात रात्री वाट चुकवतो तो चकवा. शिवाय हडळ, खवीस, समंध, वेताळ आहेतच. उसाच्या फडातून रात्री पाणी द्यायला गेलेल्या प्रत्येक माणसाकडं चकव्याची एक तरी गोष्ट असते. जायकवाडीच्या डाव्या कालव्यानं आमच्याकडं ऊस आणला, मोसंबीला पाणी आणलं आणि रात्रीच्या लाइटीवर मोटर चालू करायला जाणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांना भुतांचे किस्सेही दिले.

भीतीवरचं औषधही आमच्याच भागातलं. अंधारात चालताना तुम्ही जे 'भीमरूपी' पुटपुटता ना, ते रचणारे समर्थ रामदास इथलेच. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावात 1608 मध्ये त्यांचा जन्म झाला. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रातली पोरं चारशे वर्षं अंधारात जी शिदोरी घेऊन चालतात, ती आमच्या जिल्ह्यातून गेलीय. एवढा मान तर आम्ही घेणारच.

मास्तर, विंचू, इनामदार आणि बापू

मराठी भुताच्या विनोदाचा इतिहास एका माणसाच्या चेहऱ्यावरून वाचता येतो. दिलीप प्रभावळकर.

1982 मध्ये 'एक डाव भुताचा' आला. दिग्दर्शक रवी नमाडे, लेखणी द. मा. मिरासदारांची. अशोक सराफ इतिहासातल्या मावळ्याचं भूत आणि प्रभावळकर गावात आलेले भिडस्त मास्तर. हॉलिवूडचा 'घोस्टबस्टर्स' यायला तेव्हा आणखी दोन वर्षं होती आणि 'बीटलज्यूस' यायला सहा. मिरासदारांना गावातली अफवा कशी जन्मते, कशी वाढते आणि कशी चौकात येऊन बसते याची नेमकी नस ठाऊक होती. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच 'भुताचा जन्म' आहे.

मग 1993. 'झपाटलेला'. मूळ कल्पना 1988 च्या 'चाइल्ड्स प्ले' या हॉलिवूडपटाची : गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो. अमेरिकेत तो सिनेमा लहान मुलांसाठी नव्हताच, रक्तबंबाळ मामला. कोठारेंनी तीच कल्पना घेतली, तिच्यात लक्ष्मीकांत बेर्डेंचा घाबरट लक्ष्या टाकला आणि गुंडाचं नाव ठेवलं तात्या विंचू. बाहुला घडवला आणि नाचवला रामदास पाध्ये यांनी, अर्धवटराववाले तेच. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससाही त्यांचाच. आणि तात्या विंचू झाले प्रभावळकर. एका पिढीला या बाहुल्यानं रात्री पलंगाखाली बघायला लावलं, आणि तीच पिढी शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्याची नक्कल करायची. हिंदीत हा सिनेमा 'खिलौना बना खलनायक' नावानं गेला. 2013 मध्ये तात्या परत आला, तोही थ्रीडीमध्ये.

2004 मध्ये तेच प्रभावळकर वाड्यातला इनामदार. आणि 2006 मध्ये 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी. फक्त मुन्नालाच दिसणारे, बाकी कुणालाच नाही. विचार करा, तेही एका अर्थी भूतच की! त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारात त्यांना सहायक अभिनेत्याचा मान मिळाला, त्यात या भूमिकेचाही वाटा होता. भुताला घाबरणारा, भूत होऊन घाबरवणारा आणि भूत होऊन शहाणं करणारा, तिन्ही एकच माणूस. अभिनय शिकणाऱ्या पोरापोरींनी हे सिनेमे लागोपाठ बघावेत. क्लासची फी वाचेल.

ही परंपरा आता मोठ्या बजेटात गेलीय. 2022 मध्ये आदित्य सरपोतदार यांनी मराठीत 'झोंबिवली' काढला आणि 2024 मध्ये त्यांनीच हिंदीत 'मुंज्या'. कोकणातलं भूत, पुण्यात सलून चालवणारी आई, सुहास जोशींची आजी, आणि मुंज्या पूर्ण कॉम्प्युटरवर घडवलेला. मोठा स्टार नसताना सिनेमानं शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. 2018 च्या 'स्त्री'पासून सुरू झालेल्या या हिंदी लाटेचा पाया तोच आहे : गावातली ऐकीव गोष्ट, तिचे नियम, आणि तिला घाबरणारे साधे लोक. आपल्या आज्यांकडं या मालाचं गोदाम भरलेलं आहे.

भ्यायचं किती, हसायचं किती?

पहिल्यांदा इनामदार दिसला तेव्हा अंगणातली पुढची रांग एकदम मागं सरकली. पुढच्याच मिनिटाला तीच पोरं पोट धरून हसत होती. असं का होतं?

डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठात मौजेखातर अनुभवलेल्या भीतीवर काम करणारी एक लॅब आहे. त्यांनी तिथल्या एका 'हॉन्टेड हाउस'मध्ये जाणाऱ्या 110 जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावली आणि प्रत्येक दचक्याला किती भीती वाटली, किती मजा आली ते विचारलं. 2020 मध्ये त्याचा निष्कर्ष आला. भीती फार कमी असेल तर कंटाळा येतो, फार जास्त असेल तर नकोसं होतं. मजा मधल्या पट्ट्यात असते. चहात साखर घालण्यासारखंच आहे ते. चमचा कमी पडला तरी तोंड वाकडं, जास्त पडला तरी वाकडं.

घरच्यांबरोबर बघायच्या सिनेमाची खरी अडचण इथंच आहे. पहिलीतल्या पोराचा चमचा वेगळा, कॉलेजच्या पोराचा वेगळा आणि आजीचा तर तिसराच. विनोद हे गणित सोडवतो. भूत येतं, शरीर दचकतं, छाती धडधडते. तेवढ्यात भूत पायरीवरून पाय घसरून पडतं. धडधड चालूच असते, पण मेंदूला कळलेलं असतं की धोका नाही. मग ती अडकलेली सगळी हवा हसण्यातून बाहेर पडते. आणि शेजारी कुणी हसत असलं की आपण दुप्पट हसतो. म्हणून हा सिनेमा मोबाइलवर एकट्यानं बघण्यात मजा नाही. तुमच्या दंडाला धरून ओरडणारं कुणीतरी शेजारी पाहिजे.

इंटरव्हल

आमचा प्रोजेक्टर अर्ध्यात तापला. मित्र म्हणाला, दहा मिनिटं थंड होऊ द्या. पोरांना चिवडा दिला, बायकांच्या गप्पा सुरू झाल्या. आणि माझ्यासाठी त्या रात्रीचा खरा सिनेमा तिथं सुरू झाला.

माझी धाकटी चुलत बहीण अकरावीला आहे. नाव लिहीत नाही, वाचलं तर मला सोडणार नाही. दिवाळीच्या आधी महिनाभर तिचं काहीतरी बिनसलं होतं. जिना चढली की धाप, सकाळी उठताना चक्कर, अभ्यासात लक्ष नाही. एकदा देवापुढं दिवा लावता लावता खाली बसली ती बसलीच. क्लासला जाताना तिच्या वाटेत एक ओस वाडा लागतो. झालं. घरात कुजबुज सुरू झाली : पोरीला बाहेरचं झालंय.

आजी आशाताईंना तेच सांगत होती. "पोरगी पांढरीफटक पडली माय. त्या वाड्यावरनं जाती रोज. अमावस्येला घेऊन जावं म्हणते देवऋषाकडं."

आशाताई आमच्याच गल्लीतल्या. त्याही सिनेमाला आल्या होत्या. मुनिमाच्या भुतावर सगळ्यात मोठ्यानं त्याच हसत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "आजी, भूत रक्त पितं म्हणता ना? मग आधी रक्त किती उरलंय ते तरी मोजू. उद्या सकाळी घेऊन या."

आजूबाजूच्या सगळ्या बायका हसल्या. आजीही हसली. हसता हसता 'बरं' म्हणून गेली. हेच वाक्य आठ दिवस आधी कुणी म्हणालं असतं ना, तर घरात वाद झाला असता. आजीला वाटलं असतं, शिकलेली माणसं आपल्याला वेड्यात काढायलीत. त्या रात्री समोरच्या चादरीवर खुद्द भूतच फजित होऊन बसलं होतं, त्यामुळे भुताची बाजू घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 8.4. या वयाच्या मुलीला किमान 12 पाहिजे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, जेवणानंतर लगेच चहा बंद करायला सांगितला, पाळीत किती त्रास होतो ते विचारलं. हा प्रश्न घरात तिला कुणी विचारलाच नव्हता. आणि ती एकटी नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या 15 ते 19 वयाच्या दर 100 मुलींपैकी 59 जणींना रक्तक्षय आहे. तुमच्या वर्गातल्या बाकांवर नजर टाका आणि हिशेब करा. एवढी भुतं कुठल्या वाड्यात मावतील?

हसण्यापलीकडचं भूत

काका म्हणतील, सिनेमा हा सिनेमा, त्याचं एवढं काय? खरंय. 'पछाडलेला' काही अंधश्रद्धा निर्मूलनाचा सिनेमा नाही. त्यात भूत खरंच आहे, अंगातही शिरतं. आणि या सगळ्या सिनेमांना आजच्या नजरेनं बघितलं तर खटकणाऱ्या जागाही भरपूर सापडतात. बायकांना मिळालेल्या भूमिका बघा : नाचणारी, घाबरणारी किंवा लग्नासाठी थांबलेली. कुणाच्या बोलण्यावर, कुणाच्या दिसण्यावर केलेले विनोद तेव्हा चालून गेले. आज आपल्याच ग्रुपमधल्या पोरी ते बघताना गप्प होतात. आवडत्या सिनेमाबद्दल हेही बोलता आलं पाहिजे.

पण भुताला हसणं आणि भुताच्या नावावर माणसाला मारणं यांत किती अंतर आहे, ते आपल्या राज्यानं पाहिलंय. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. ज्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. त्याच्या अनुसूचीतला पहिलाच मुद्दा भुताचा आहे : भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीनं किंवा दोरानं बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा. साप किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र घालत बसणं, हाही गुन्हा. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत, दंड 5 हजारांपासून 50 हजारांपर्यंत. ही यादी कुणाच्या कल्पनेतून आलेली नाही. हे सगळं घडत होतं म्हणून ते लिहावं लागलं.

माझी बहीण त्या यादीत गेली असती असं मी म्हणत नाही. पण तिचे तीन महिने नक्की गेले असते आणि हिमोग्लोबिन आणखी खाली. सिनेमानं तिला बरं केलं नाही. गोळ्यांनी केलं, आशाताईंनी केलं. सिनेमानं फक्त सगळ्यांना एका अंगणात, एका पोत्यावर आणून बसवलं आणि बोलता येईल इतकं हलकं केलं. मला वाटतं, 'घरच्यांबरोबर बघायचा सिनेमा' याचा अर्थ फक्त घाणेरडे सीन नसलेला सिनेमा एवढाच नसावा. तो संपल्यावर घरच्यांबरोबर काहीतरी बोलता यावं.

आजीनं दुसऱ्या दिवशी गोळी स्वतःच्या हातानं दिली. आणि संध्याकाळी मीठ-मोहरी घेऊन दृष्टही काढली. आम्ही कुणी काही बोललो नाही. गोळी चुकत नाही ना, मग चालू द्या.

आता कॅमेरा काढा

सुट्टी संपायच्या आत आमच्या ग्रुपनं ठरवलंय, आपणच एक दहा मिनिटांचा भुताचा सिनेमा करायचा. गॅदरिंगला दाखवायचा. हे सगळे सिनेमे परत बघून आम्ही काही नियम काढलेत. तुम्हीही वापरा, रॉयल्टी नको.

पहिला : भुताला काहीतरी पाहिजे असलं पाहिजे. नुसतं 'हाऽऽ' करणारं भूत तिसऱ्या मिनिटाला कंटाळवाणं होतं. लग्न, जमीन, अर्धवट राहिलेला जिलेबीचा घास, काहीही चालेल. पण इच्छा पाहिजे.

दुसरा : भुताचे नियम ठरवा आणि मोडू नका. कुणाला दिसतं, कधी दिसतं, कशाला घाबरतं. 'स्त्री'मध्ये भिंतीवर 'उद्या ये' लिहिलं की ती परत जाते. तेवढ्या एका नियमावर अर्धा सिनेमा उभा आहे.

तिसरा : हसायचं ते बढाया मारणाऱ्याला, दुबळ्याला नाही. "मी नाही भेत" म्हणणारा गडीच आधी पळाला पाहिजे. तोतऱ्या माणसावर किंवा जाड्या पोरीवर विनोद केला की समोरच्या गर्दीतली एक व्यक्ती हसत नसते. ती कोण, ते आपल्याला माहीत असतं.

चौथा : आवाजावर जास्त मेहनत घ्या. भूत दिसलं की स्वस्त वाटतं, ऐकू आलं की महाग. बळदातला गव्हाणी घुबडाचा फुत्कार, वाऱ्यानं वाजणारा पत्रा, लांबून येणारी उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी. सगळं फुकट मिळतं.

पाचवा आणि महत्त्वाचा : ओस वाड्यात शूटिंग करायचं तर मालकाला विचारून आणि दिवसा. जुनं माळवद कधी खाली येईल सांगता येत नाही. साप-विंचू असतात ते वेगळंच. भूत नसतं म्हणून धोका नसतो असं नाही.

आमच्या सिनेमात भूत कोण होणार यावरून भांडणं झाली. शेवटी ती भूमिका धाकट्या बहिणीनं पटकावली. आता तिचं हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलंय आणि आवाज तर त्याच्याही वर. तिनं एकच अट घातली : तिचं भूत पांढरी साडी नेसणार नाही, केस मोकळे सोडणार नाही. ते क्लासची बॅग पाठीला लावून येणार.

मी तिला विचारलं, आता त्या वाड्यावरून संध्याकाळी एकटी जाशील का?

"नाही," ती म्हणाली. "तिथं अंधार असतो आणि पोरं टवाळक्या करत बसलेली असतात. भुताला कोण भेतंय दादा?"

आमच्या सिनेमाचा शेवट आम्हाला तिथंच सापडला.

घरच्यांबरोबर बघायची यादी

'एक डाव भुताचा' (1982) : आजी-आजोबांना पुढच्या रांगेत बसवा. अशोक सराफ आणि दिलीप प्रभावळकरांची जोडी.

'भुताचा भाऊ' (1989) : सचिन पिळगावकर दिग्दर्शक, अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे सोबतीला. आई-बाबांच्या कॉलेजच्या आठवणी बाहेर येतील.

'झपाटलेला' (1993) : तात्या विंचू. घरातली बाहुली आधी कपाटात ठेवा.

'पछाडलेला' (2004) : वाडा पाहिजे तर हाच. अंगणात बघितला तर जास्त चांगला.

'भूतनाथ' (2008) : हिंदी. अमिताभ बच्चन यांचं भूत आणि त्याला न घाबरणारं पोरगं. शेवटी रुमाल लागेल.

'मुंज्या' (2024) : थोडा जास्त दचकवतो. लहानग्यांना मोठ्यांच्या मांडीवर घ्या.